पहिला ठसका

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगरजवळ धडकलं आणि काही तासांत श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. रस्त्यांवर झाडं, कौलांवर झाडं, विजेच्या तारांवर झाडं. वादळानंतरच्या त्या दिवसांत गावात एक चालू चेनसॉ मशीन असणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

आणि नेमकं अशाच वेळी मशीन अडून बसतं. दोरी दहा वेळा ओढली जाते, वीस वेळा ओढली जाते. एक जण दमला की दुसरा हात लावतो. मग पेट्रोलचा वास सुटतो आणि कुणीतरी म्हणतं, “ओव्हर झालंय.” निदान बरोबर असतं. त्यानंतरचे उपाय मात्र बहुतेक वेळा उलटे असतात. कुणी चोक पुन्हा लावतो, कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला बसतो. मला सांगायचं आहे ते असं, की पेट्रोल ओव्हर झालेलं मशीन बहुधा बिघडलेलं नसतं. आपणच त्याला जास्त पाजलेलं असतं. खरोखर बिघाड असलाच, तर तो शोधण्याचा एक क्रम आहे. तो क्रम सोडला की दिवस जातो आणि पैसेही जातात.

आधी आत काय घडतं ते पाहू. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्याहून कमी असेल तर ती पेट घेत नाही आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरी घेत नाही. इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ कमी होते, बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटून राहतं. म्हणून चोक असतो. चोक लावला की हवेची वाट जवळजवळ बंद होते, इंजिनाची सगळी ओढ पेट्रोलवर येते आणि भरपूर पेट्रोल आत शिरतं. त्यातल्या थोड्याशाची वाफ झाली तरी पहिला पेट घेण्यापुरती ती पुरते.

तो पहिला पेट ऐकू येतो. दोन-चार वेळा दोरी ओढल्यावर मशीन एकदा ‘फट्’ करतं आणि गप्प होतं. हाच तो ठसका. मशीन सांगत असतं, की पेट्रोल पोचलं, आता हवा द्या. इथे चोक काढायचा. पण मशीन सुरू होता होता राहिलं असं वाटून माणूस चोक तसाच ठेवतो आणि आणखी जोरात ओढतो. त्यानंतरच्या प्रत्येक ओढीला आत जातं ते जवळजवळ निव्वळ पेट्रोल. प्लगचं टोक भिजतं, ओल्या चिनीमातीवरून करंट गळून जातो, ठिणगी पडेनाशी होते. ठिणगी नाही म्हणून आणखी ओढणं, आणि ओढलं म्हणून आणखी पेट्रोल. लहान मशीनचा ठसका अगदी हलका असतो. कानावर संरक्षक पट्टा असेल किंवा शेजारी दुसरं मशीन चालू असेल तर तो निसटतो. म्हणून पूर्ण चोकवर चार-पाच ओढींत काही ऐकू आलं नाही, तरी माझ्या मते चोक काढूनच पुढे जावं. ठसका येऊन गेला असेल तर मशीन सुरू होईल. आला नसेल तर पुन्हा चोक लावून दोन ओढी देता येतात. जास्त झालेलं पेट्रोल बाहेर काढणं त्याहून कष्टाचं.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे यात आणखी एक अडचण असते. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये जातं आणि तिथून सिलिंडरच्या बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या वर चढतं. ओव्हर झालेल्या मशीनमध्ये या खालच्या पोटातही पेट्रोल साचलेलं असतं. म्हणून प्लग काढला, पुसला, लावला, तरी पुढच्या दोन ओढींत तो परत ओला होतो आणि माणूस हताश होतो. प्लग पुसून भागत नाही, पोट रिकामं करावं लागतं. ज्यांनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. १९७२ साली आलेली ती स्कूटरही टू-स्ट्रोकच. सकाळी तिला एका अंगावर कलती करून मग किक मारायची आणि डिकीत प्लगपाना व पॉलिश पेपरचा तुकडा बाळगायचा, ही घरोघरची रीत होती. त्या पिढीच्या माणसाच्या हातात अडलेलं चेनसॉ दिलं, तर तो सांगण्याआधीच प्लगकडे वळतो, आणि ते बरोबरच आहे.

पोट रिकामं करायचं ते असं. मशीन मोकळ्या हवेत, सांडलेल्या पेट्रोलपासून दूर न्या. आसपास विडी-काडी नको. स्विच बंद करा, म्हणजे करंट तुटेल. प्लगची टोपी ओढून काढा आणि ती प्लगच्या भोकापासून लांब, नीट बाजूला ठेवा. इंजिन गरम असेल तर आधी ते निवू द्या. प्लग काढा, चोक काढा आणि मशीन असं कलतं करा, की प्लगचं भोक खाली आणि माणसांपासून दूर राहील. मग रेस पूर्ण दाबून दोरी आठ-दहा वेळा ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर पडताना दिसेल. हा फवारा पेटतो, म्हणून स्विच आणि टोपी या दोन गोष्टींत हयगय करू नका. फवारा थांबला की पाच-दहा मिनिटं भोक उघडं राहू द्या. तोवर प्लग पुसून कोरडा करा, काजळी असेल तर घासा, जवळ नवा असेल तर नवाच लावा. पुन्हा जोडून, स्विच चालू करून, चोकशिवाय, किंचित रेसवर ओढा. पहिल्यांदा निळसर-पांढऱ्या धुराचा लोट येईल, घाबरू नका. तो साचलेल्या तेलाचा असतो.

प्लगपाना हाताशी नसेल तर प्लग न काढताही जमतं. चोक काढायचा, रेस पूर्ण दाबून धरायची आणि ओढत राहायचं. पूर्ण उघडलेल्या वाटेने भरपूर हवा आत जाते आणि जास्तीचं पेट्रोल हळूहळू उडून जातं. पंधरा-वीस ओढी लागू शकतात. या पद्धतीत मशीन सुरू होतं ते एकदम मोठ्या रेसवर, आणि साखळी फिरण्याचा धोका तिथेच असतो. म्हणून चेन ब्रेक लावलेला हवा, मशीन जमिनीवर टेकलेलं हवं, मागच्या मुठीत उजवा पाय आणि पुढच्या मुठीवर डावा हात हवा. सुरू होताच रेस सोडायची. मशीन हवेत झुलवत दोरी ओढण्याची जी सवय दिसते ती अत्यंत वाईट आहे. ओव्हर झालेल्या मशीनच्या बाबतीत तर ती मांडी गमावण्याची सोय आहे.

कधी दोरी ओढलीच जात नाही, मध्येच अडकते. याचं एक कारण असं, की सिलिंडरमध्ये इतकं पेट्रोल भरलेलं असतं की पिस्टन वर यायला जागाच नसते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. इथे जोर लावला तर दोरी तुटते किंवा आतलं काही वाकतं. प्लग काढा, दोरी आपोआप हलकी होते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. मशीनवरचा तो मऊ पारदर्शक फुगा जास्त वेळा दाबल्यामुळे पेट्रोल ओव्हर होतं, असं पुष्कळजण मानतात. बहुतेक चेनसॉंमध्ये तो फुगा टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरातून फिरवून परत टाकीत सोडतो, नळीतली हवा काढण्यासाठी. सिलिंडरमध्ये तो काही टाकत नाही. दोष फुग्याचा नसतो, चोकचा असतो. गरम इंजिन ओव्हर होतं तेही बहुधा चोकमुळेच. जेवणाच्या सुट्टीआधी चालू असलेलं मशीन तासाभराने पुन्हा सुरू करताना त्याला सहसा चोक लागत नाही.

हे सगळं नीट करूनही मशीन रोज ओव्हर होत असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा. त्याची सुरुवात प्लगपासून. दहा ओढींनंतर प्लग कोरडा निघाला, तर मशीन ओव्हर झालेलंच नाही. पेट्रोल पोचत नाही, आणि तो निराळा आजार आहे. ओला निघाला, तर त्याचे अर्थ दोन होतात, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एक, पेट्रोल खरोखर जास्त येतंय. दोन, पेट्रोल बरोबर येतंय पण करंटच नाही, म्हणून ते न जळता साचतंय. दुसऱ्या प्रकारात कार्बोरेटर कितीही वेळा उघडा, हाती काही लागणार नाही. म्हणून कार्बोरेटरला हात लावण्याआधी करंट बघायचा. पोट रिकामं केल्यावर, प्लगच्या भोकात कापडाचा बोळा घालून, प्लग टोपीत बसवून त्याचे आटे सिलिंडरच्या धातूला, भोकापासून शक्य तितक्या दूर टेकवायचे, स्विच चालू करायचा आणि दोरी ओढून सावलीत ठिणगी पाहायची. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर, अशक्त ठिणगी बाहेर दिसली तरी आतल्या दाबाखाली ती टिकत नाही. पुष्कळशा चेनसॉंच्या प्लगची फट ०.५ मिलिमीटर असते. दुचाकीचा प्लग दिसायला सारखा म्हणून बसवण्याचा मोह टाळावा. त्याची लांबी आणि तो किती उष्णता वाहून नेतो हे निराळं असतं.

नव्या प्लगनेही ठिणगी नसेल तर स्विचची वायर कुठे घासून उघडी पडली आहे का ते पाहा. ती धातूला टेकली की मशीन कायम ‘बंद’ राहतं. त्यानंतर पाळी कॉइलची. चाकावरचं चुंबक आणि कॉइल यांच्यातली फट साधारण ०.३ मिलिमीटरच्या आसपास लागते. मेकॅनिक ती बसवताना मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरतात, आणि ती युक्ती चांगली आहे.

करंट ठीक असेल तर हवेकडे वळा. घाणीने भरलेला एअर फिल्टर हा कायम लावलेला चोकच असतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर ओलं लाकूड कापताना भुसा कोरडा उडत नाही, तो तेलात कालवून फिल्टरवर थापला जातो, आणि झटकून निघत नाही. फिल्टर कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावावा. सायलेन्सरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती काजळीने बुजली की धूर बाहेर पडत नाही आणि ताजी हवा आत येत नाही. ती जाळी काढून ब्रशने साफ करणं हे पाच मिनिटांचं काम, पण वर्षानुवर्षं कुणी करत नाही.

आता कार्बोरेटर. मोटारसायकलच्या कार्बोरेटरात एक तरंगता फ्लोट असतो. टाकीतून पेट्रोल उतरतं, फ्लोट वर येतो आणि वाट बंद करतो. पण झाड आडवं कापताना, फांदी खालून कापताना मशीन आडवं-उलटं होतं, तिथे फ्लोट निरुपयोगी. म्हणून चेनसॉत पातळ पडद्यांवर चालणारा कार्बोरेटर बसवतात. वॉल्ब्रो आणि झामा ही त्यांतली सर्वांत परिचित नावं. त्यात पडदे दोन. एक पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर थरथरतो आणि पंपासारखा टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. दुसरा, रुपयाएवढा गोल पडदा, किती पेट्रोल आत सोडायचं ते ठरवतो. त्याच्या एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्या अंगाला पेट्रोल. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पडदा आत खेचला जातो, एका इवल्याशा तरफेला दाबतो, तरफ सुई उचलते, पेट्रोल येतं. ओढ थांबली की स्प्रिंग सुईला परत तिच्या जागेवर बसवते. इंजिन चालू असेपर्यंत हे सतत घडत राहतं.

ओव्हर होण्याचा खरा बिघाड बहुधा या सुईपाशी असतो. सुई आणि तिची बैठक यांच्यात केसाएवढा कचरा अडकला, सुईच्या टोकाला झिजून कडं पडलं, किंवा कुणी उघडून जोडताना तरफ जरा वर वाकली, की सुई पूर्ण बसत नाही. मग इंजिन मागो न मागो, पेट्रोल झिरपत राहतं. याची खूण सोपी आहे. रात्री भरलेल्या टाकीसह ठेवलेलं मशीन सकाळी उचललं आणि एअर फिल्टर पेट्रोलने ओला निघाला, किंवा सायलेन्सरमधून थेंब पडले, तर संशय सुईवर घ्या. बाजारात पडदे, गॅस्केट, सुई यांचा संच मिळतो. मॉडेल आणि कार्बोरेटरवरचा नंबर नीट पाहून घ्यावा. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पडदा आणि गॅस्केट यांची अदलाबदल झाली तर नवा संचही फुकट. बारीक भोकांत तार घालू नका, कार्बोरेटर क्लीनर मारा. पडदे काढण्याआधी कंप्रेसरची हवा तर अजिबात मारू नका, पडदा फाटतो. तरफेची उंची मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा.

टाकीचा श्वासही तपासायला हवा. टाकीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छोटी झडप असते. ती बुजली आणि मशीन उन्हात पडून राहिलं, की टाकीत दाब तयार होतो आणि तो निरोगी सुईलाही दूर सारून पेट्रोल आत ढकलतो. टाकीचं झाकण सावकाश उघडताना जोराचा ‘फुस्स’ आवाज आला, तर मशीन आधी सावलीत ठेवा आणि ती झडप बघा. सकाळी गुणाने चालणारं मशीन दुपारी ओव्हर होतं, याचं कारण पुष्कळदा इतकं साधं निघतं.

आणि मग पेट्रोल. माझ्या मते या घडीला आपल्याकडे हीच सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर अनेक चेनसॉ उत्पादकांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतची मुभा देतात. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि टाकीतली पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. जुन्या रबराचे पडदे, नळ्या यानेच ताठरतात. शिवाय साठवलेल्या पेट्रोलमधला लवकर उडणारा भाग आधी निघून जातो. उरतं त्याची थंड इंजिनात वाफच नीट होत नाही, प्लग ओला होतो, आणि आपण म्हणतो ओव्हर झालं. शंका असेल तर थोडं मिश्रण काचेच्या स्वच्छ बाटलीत घालून झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनमध्ये घालू नका. एका वेळी पंधरा-वीस दिवस पुरेल इतकंच मिश्रण करा. पुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. हे बुचाने किंवा अंदाजाने घालू नका, मापाने घाला. तेल जास्त झालं तर प्लग काजळतो. कमी झालं तर पिस्टन जातो, आणि ती दुरुस्ती मोठी आहे.

स्क्रू ड्रायव्हर आतापर्यंत पेटीतच आहे, आणि तो तिथेच राहावा असं मला मनापासून वाटतं. कार्बोरेटरचे स्क्रू आपोआप फिरत नाहीत. काल चालणारं मशीन आज ओव्हर होत असेल तर कारण स्क्रूत नाही. ते आवळून पेट्रोल कमी केलं तर मशीन कदाचित सुरू होईल, पण टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल तोडलं की तेलही तुटलं, आणि पूर्ण रेसवर पिस्टन सिलिंडरला धरायला काही मिनिटं पुरतात. फिरवायचेच असतील तर आधी हलक्या हाताने आत नेऊन किती फेरे होते ते मोजून लिहून ठेवा.

एवढं करूनही मशीन दाद देत नसेल, तर एक शेवटची पारख. स्विच बंद ठेवून, थंड मशीन जमिनीपासून वीतभर उंचीवर दोरीच्या मुठीला धरून लटकवा. ठीक इंजिनाचं मशीन दाबामुळे दोरीवर तरंगतं आणि ठेचकाळत सावकाश खाली येतं. सरसर खाली उतरलं तर रिंग किंवा सिलिंडर झिजलेत. मग ते जाणत्या मेकॅनिककडेच न्यावं. मशीनवर दाब सोडणारं बटण असेल तर ही पारख करताना ते दाबलेलं नाही याची खात्री करा.

पावसाळ्याचा लाकूडफाटा भरून झाला, की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही रिकामा करा. मगच ते माळ्यावर ठेवा. पेटीत एक नवा प्लग आणि प्लगपाना असू द्या. पुढच्या वेळी दोरी ओढाल तेव्हा आसपासच्यांना क्षणभर गप्प राहायला सांगा, आणि ‘फट्’ ऐकू आलं की लगेच चोक काढा.